एका चिठ्ठीचं उत्तर, सत्तर वर्षांचं



महिन्यातून एकदा आम्ही केंद्रावरची प्रश्नपेटी उघडतो. बहुतेक चिठ्ठ्यांवर नाव असतं. कुणाला ओवी ऐकायची असते, कुणाला रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवायचं असतं, कुणाला शेळीच्या विम्याची माहिती हवी असते. या वेळी एक चिठ्ठी बिननावाची निघाली. वहीचं पान फाडून, चार घड्या घालून टाकलेली. तिच्यात लिहिलं होतं, “खोकलं, शिंकलं, हंडा उचलला की लघवी सुटते. धाकट्याच्या बाळंतपणापासून असंच आहे. लग्नाकार्याला जायचं सोडलं. एकजण म्हणते पिशवी काढून टाक. मोबाईलवर आलं की पाणी कमी प्या. पुतणी म्हणते व्यायामानं बरं होतं. कोणाचं खरं धरू?”

चिठ्ठी वाचून आम्ही गप्प झालो. मग आमच्यातलीच एक खाली मान घालून म्हणाली, “माझंही तसंच आहे गं.” थोड्या वेळाने दुसरीही तेच म्हणाली. वर्षानुवर्षं एका सतरंजीवर बसून कार्यक्रम करणाऱ्या आम्ही, पण हे एकमेकींना कधी बोललो नव्हतो.

बायकांच्या दुखण्यांवरची ही मुकी पट्टी जुनीच आहे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांना विचारलं, तपासलं आणि १९८९ साली ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. शंभरातल्या ९२ बायकांना अंगाचा कुठला ना कुठला आजार निघाला. त्याआधी कधी त्यासाठी तपासणी आणि उपचार झाले होते ते शंभरातल्या फक्त आठजणींवर. तोवर खेड्यातल्या बायकांची ही दुखणी अशी घरोघर जाऊन कोणी मोजलीच नव्हती. जे कोणी विचारत नाही, ते मोजलं जात नाही. आणि जे मोजलं जात नाही, त्यावर ज्याच्या तोंडी जे येईल ते औषध.

चुकीच्या सल्ल्याची किंमत काय असते तेही आपण पाहिलंय. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या इतक्या का काढल्या जातात, याच्या चौकशीसाठी २०१९ साली राज्य सरकारला समिती नेमावी लागली. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून जास्त बायकांची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणून ‘कोणाचं खरं धरू’ हा प्रश्न लहान नाही.

आम्ही ठरवलं की या ताईला नुसतं ‘हे कर, ते करू नको’ असं सांगायचं नाही. तसं सांगणारे तिच्याभोवती आधीच तीन जण आहेत, चौथे आम्ही कशाला? आज आपण उत्तर तर देऊच, पण ते खरं कसं ठरलं त्याची गोष्टही सांगू. गोष्ट सत्तर वर्षांची आहे. ती कळली की पुढच्या वेळी मोबाईलवर काही आलं तर त्याला प्रश्न कसा विचारायचा हेही कळेल.

गोष्ट सुरू होते १९४८ साली, अमेरिकेत. लॉस एंजेलिस शहरात अरनॉल्ड केगेल नावाचे डॉक्टर होते, बायकांच्या आजारांचे. बाळंतपणानंतर लघवी सुटणाऱ्या बायका त्यांच्याकडे येत. आपल्या ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. लघवीची पिशवी, गर्भपिशवी आणि शौचाचा मार्ग यांना ती खालून आधार देते. बाळंतपणात ही झोळी ताणली जाते, सैल पडते. केगेल यांचं म्हणणं असं की दंडाचे स्नायू जसे कामाने घट्ट होतात तसे हेही होतील. आत आवळायचं, धरायचं, सोडायचं. बाई किती जोराने आवळते ते मोजायला त्यांनी एक साधनही बनवलं. आपल्याकडच्या बायका याने बऱ्या झाल्या, असं त्यांनी छापून सांगितलं.

म्हणजे पुतणी बरोबर होती का? थांबा. १९४८ साली एवढंच कळलं होतं की एक डॉक्टर असं म्हणतो. त्याच्याच पेशंट, त्याचंच साधन, मोजणाराही तोच. बाळंतपणानंतर काही बायकांची लघवी सुटणं आपोआपही कमी होतं. त्या व्यायामाने बऱ्या झाल्या की दिवस गेल्याने? डॉक्टर खोटं बोलत होता असं नाही. पण बचत गटाच्या खजिनदारानेच हिशोब लिहायचा आणि तिनेच तो तपासायचा, हे आपण चालवून घेतो का? खजिनदार कितीही प्रामाणिक असली तरी नाही. इथेही तसंच.

मग खरं कळायचं कसं? पहिली पायरी तुलनेची. ती समजायला जरा लंडनला जाऊ. विषय वेगळा, हृदयविकाराचा, पण व्यायामाचा आरोग्याशी काय संबंध आहे हे मोठ्या प्रमाणावर मोजलं गेलं ते तिथे.

दुसरं महायुद्ध संपलं होतं आणि हृदयविकाराचा झटका येणारे पुरुष वाढत होते. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांना कारण शोधायचं होतं. लंडनमध्ये लाल दुमजली बस धावायच्या. एका बसवर दोन माणसं. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर तिकिटं फाडत दिवसभर जिना वर-खाली. बस तीच, रस्ते तेच, पगारातही फार फरक नाही. फरक एवढाच की एक बसलेला आणि एक चालता. मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ३१ हजार कर्मचाऱ्यांच्या नोंदी पाहिल्या आणि १९५३ साली निष्कर्ष छापला. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी होता. झाला तरी उशिरा व्हायचा आणि त्यातून दगावणारेही कमी.

दुसरा कोणी असता तर पेढे वाटले असते. मॉरिस यांनी स्वतःवरच शंका घेतली. मुळात जाडसर माणूसच ड्रायव्हरची नोकरी धरत असेल तर? मग दोष बसण्याचा की आधीपासूनच्या अंगलटीचा? याचं उत्तर त्यांनी कुठे शोधलं माहीत आहे का? शिंप्याच्या मापांत. कर्मचाऱ्यांना गणवेश मिळायचे, त्यांची मापं लिहिलेली होती. ड्रायव्हरांच्या पँटी कमरेला मोठ्या निघाल्या, अगदी तरुण ड्रायव्हरांच्यासुद्धा. म्हणजे शंकेत तथ्य होतं. हे त्यांनी लपवलं नाही, १९५६ साली तेही छापलं. मग पुढे बारीक ड्रायव्हर आणि बारीक कंडक्टर, जाड ड्रायव्हर आणि जाड कंडक्टर अशी तुलना केली. तेव्हाही कंडक्टरच सरस ठरले. पोस्टात पत्रं वाटत फिरणारे आणि टेबलाशी बसणारे यांच्यातही तसाच फरक दिसला.

१९१० साली जन्मलेले मॉरिस २००९ पर्यंत जगले आणि म्हातारपणीही व्यायाम करत राहिले. पण त्यावरून ‘बघा, व्यायामाने आयुष्य वाढतं’ असं म्हणू नका हं. एक माणूस म्हणजे पुरावा नव्हे, हेच तर आपण शिकतोय.

आता कोणी म्हणेल, नुसतं पाहून, नोंदी तपासून काम भागत असेल तर अजून काय हवं? त्याचं उत्तर बायकांच्याच एका मोठ्या चुकीतून मिळालं. चूक बायकांची नव्हती, त्यांना मिळालेल्या सल्ल्याची होती.

अमेरिकेत १९७६ साली १ लाख २१ हजारांवर नर्सना एका पाहणीत घेतलं गेलं. खाणंपिणं, औषधं, आजार असं दर काही वर्षांनी त्या लिहून कळवायच्या. फार मोलाची पाहणी. तिच्यात दिसलं की पाळी गेल्यावर संप्रेरकाच्या, म्हणजे हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांमध्ये हृदयविकार जवळजवळ निम्मा. झालं, डॉक्टर या गोळ्या देऊ लागले. पाळी गेली की गोळी सुरू, हृदयासाठी चांगली म्हणून. लघवी सुटते त्यावरही काही ठिकाणी हीच गोळी.

पण गोळी घेणाऱ्या बायका कोण होत्या? त्यांच्यात बऱ्या परिस्थितीतल्या, वेळेवर डॉक्टरकडे जाणाऱ्या, तब्येतीला जपणाऱ्या बायका जास्त होत्या. त्यांचं हृदय गोळीमुळे चांगलं की आधीच्या राहणीमुळे? कंडक्टर-ड्रायव्हरच्या पँटीसारखाच पेच. इथे मापं घेऊनही तो सुटण्यासारखा नव्हता, कारण माणसांमधले सगळे फरक मापात सापडत नाहीत.

यावर एकच उपाय, आणि तो आपल्याला भिशीतून चांगला माहीत आहे. चिठ्ठ्या टाकायच्या. भिशीत कुणाची गरज मोठी, कुणाचा नवरा ओळखीचा, काही बघत नाही. लहान पोर चिठ्ठी उचलतं, नाव निघेल त्याला पैसे. तसंच इथे. बायकांना सगळं समजावून, त्यांची संमती घेऊन, चिठ्ठीने दोन गट पाडायचे. एका गटाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनऔषधाची. गरीब-श्रीमंत, जाड-बारीक, चालणाऱ्या-बसणाऱ्या दोन्ही गटांत सारख्याच विखुरतात. मग शेवटी जो फरक दिसेल तो गोळीचाच.

अमेरिकेत १६ हजार ६०८ बायकांवर अशी चाचणी झाली. ती आणखी काही वर्षं चालायची होती, पण २००२ सालीच थांबवावी लागली. ज्या गोळ्या हृदय जपतील असं वाटत होतं, त्या घेणाऱ्या बायकांमध्ये हृदयविकाराचे झटके, पक्षाघात, फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या आणि स्तनाचा कर्करोग जास्त निघाले. दर वर्षी दहा हजार बायकांमागे प्रत्येकाच्या सात-आठ जास्त घटना. आकडा लहान वाटतो, पण लाखो बायका गोळी घेत होत्या. आणि आपल्या चिठ्ठीवाल्या ताईच्या कामाची गोष्ट पुढेच आहे. याच चाचणीत लघवी सुटण्याचाही हिशोब ठेवला होता. २००५ साली तो छापला. गोळी घेणाऱ्यांची लघवी सुटणं कमी झालं नव्हतं, वाढलं होतं. पाळी जाताना ज्यांना फारच त्रास होतो त्यांना डॉक्टर आजही ही गोळी जपून, मोजक्या काळासाठी देतात. पण ‘सगळ्यांनी घ्या, हृदयाला चांगली’ हे बंद झालं.

आता परत आपल्या व्यायामाकडे. केगेल यांच्या म्हणण्याची अशी चिठ्ठ्या टाकून परीक्षा झाली का? झाली, आणि एकदा नाही. त्यातली एक आम्हाला फार आवडली. नॉर्वे देशात कारी बो नावाच्या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती केली आणि १९९९ साली छापली. खोकताना, शिंकताना लघवी सुटणाऱ्या १०७ बायका. चिठ्ठीने चार गट. एका गटाला ओटीपोटाच्या तळाचा व्यायाम, दुसऱ्याला बारीक विजेच्या धक्क्याचं यंत्र, तिसऱ्याला आत धरून ठेवायची वजनं, चौथ्याला कुठलाच उपचार नाही. सहा महिने. आणि शेवटी तपासणाऱ्याला कोणती बाई कोणत्या गटातली हे माहीत नव्हतं. म्हणजे मनात ‘व्यायामवाली बरी झाली असेल’ असं धरून मोजायला वावच नाही.

सहा महिन्यांनी विचारलं, आता तुम्हाला हा त्रास आहे असं वाटतं का? व्यायामाच्या गटातल्या २५ पैकी १४ जणी नाही म्हणाल्या. यंत्राच्या गटात २५ पैकी तिघी, वजनांच्या गटात २७ पैकी दोघी. काहीच न करणाऱ्या ३० जणींपैकी एक. अर्ध्या शतकापूर्वी एका डॉक्टरने जे म्हटलं होतं ते आता तुलना करून, चिठ्ठ्या टाकून, डोळ्यांवर पट्टी बांधून पाहिलं आणि टिकलं.

त्या गटाचा व्यायाम कसा होता तेही ऐका. रोज तीन वेळा, दर वेळी आठ ते बारा आवळणी. आणि आठवड्यातून एकदा सगळ्यांनी एकत्र जमून शिकवणाऱ्या बाईसमोर करायचं. आपल्या गटाच्या बैठकीसारखंच.

तरीही एक चाचणी म्हणजे एक साक्षीदार. दुसऱ्या गावात दुसरीने केली आणि उलटं निघालं तर? म्हणून पुढची पायरी गोळाबेरजेची. ती किती महत्त्वाची हे जगाला बाळांच्या मरणातून कळलं.

न्यूझीलंडच्या ऑकलंड शहरात १९७२ साली दोन डॉक्टरांनी एक चाचणी छापली. दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या तर आईला स्टेरॉईडचं एक स्वस्त इंजेक्शन द्यायचं, त्याने बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात आणि बाळ वाचतं. पुढच्या वीस वर्षांत वेगवेगळ्या ठिकाणी आणखी चाचण्या झाल्या. प्रत्येक लहान. काहींत फायदा स्पष्ट, काहींत धूसर. प्रत्येक डॉक्टर आपल्या हाती लागलेली एखादी वाचायचा आणि खांदे उडवायचा. सगळ्या एका वहीत मांडून बेरीज केल्यावर फायदा लखलखीत दिसला. पण ती बेरीज व्हायला १९८९-९० उजाडलं आणि अमेरिकेतल्या सरकारी तज्ज्ञ परिषदेने ‘हे इंजेक्शन द्या’ असं सांगायला १९९४ साल. मधल्या काळात किती बाळं गेली असतील! माहिती होती, पण विखुरलेली होती.

आर्ची कॉक्रेन नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी १९७९ सालीच खडसावलं होतं की आपल्या धंद्याने चाचण्यांची नीट पारखून बेरीज ठेवलेली नाही, ही लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे. त्यांच्याच नावाने १९९३ साली कॉक्रेन ही संस्था उभी राहिली. तिच्या बोधचिन्हात त्या बाळांच्या चाचण्यांचीच बेरीज रेघांनी काढलेली आहे, पुन्हा असा उशीर होऊ नये याची आठवण म्हणून.

ही संस्था आढावा कसा घेते ते आपल्या भाषेत सांगतो. आधी प्रश्न लिहायचा आणि बेरीज कशी करणार तेही आधीच जाहीर करायचं, म्हणजे उत्तर आवडलं नाही म्हणून मागाहून नियम बदलता येत नाहीत. मग जगभरच्या चाचण्या शोधायच्या, आपल्या बाजूच्या तेवढ्याच वेचायच्या नाहीत. कोणती चाचणी घ्यायची, कोणती कच्ची, हे दोघांनी वेगवेगळं बसून ठरवायचं आणि मग ताडून बघायचं. पुरावा पक्का की कच्चा याला श्रेणी द्यायची. छापण्याआधी बाहेरच्या जाणकारांकडून तपासून घ्यायचं. त्या तपासणाऱ्यांत आजार भोगलेली साधी माणसंही असतात. औषध कंपन्यांचे पैसे या आढाव्यांना चालत नाहीत. आणि नव्या चाचण्या आल्या की वही पुन्हा उघडायची. चाचणीही सुरू करण्याआधी नोंदवावी लागते, म्हणजे नको तो निकाल गुपचूप पुरता येत नाही. आपल्या देशात अशी नोंदवही २००७ साली सुरू झाली आणि २००९ पासून नोंद सक्तीची झाली.

लघवी सुटण्याच्या व्यायामाचा असाच आढावा निघाला. २०१८ साली तो नव्याने तपासला तेव्हा त्यात १४ देशांतल्या ३१ चाचण्या आणि १८१७ बायका होत्या. खोकता-शिंकताना लघवी सुटणाऱ्यांपैकी व्यायाम केलेल्या शंभरातल्या ५६ जणींनी ‘बरं झालं’ असं सांगितलं. व्यायाम न केलेल्या शंभरातल्या सहा जणींनी. या बाबतीतला पुरावा वरच्या श्रेणीचा ठरला. केगेल ते हा आढावा, १९४८ ते २०१८. पुतणीच्या एका वाक्यामागे सत्तर वर्षं उभी आहेत, ती अशी.

आणखी एक पायरी राहिली. तिथे खरं ते इथे खरं का? वर सांगितलेलं बाळांचं इंजेक्शन मोठ्या दवाखान्यांत वाचवणारं ठरलं होतं. मग ते खेड्यापाड्यांत, लहान केंद्रांवर सगळीकडे द्यावं का, हे सहा देशांत तपासलं. त्यात आपलं नागपूर आणि शेजारचं बेळगावही होतं. २०१५ साली निकाल आला आणि सगळे चमकले. जिथे इंजेक्शनाचा प्रसार केला त्या भागांत एकूण बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत, हजारामागे तीन-चार वाढले. आयांना जंतुसंसर्गही जास्त. किती दिवस भरलेत याचा अंदाज चुकला, तर गरज नसलेल्या आईलाही इंजेक्शन जातं आणि पुढे जन्मलेल्या बाळाला सांभाळायची सोयही जवळ नसते. म्हणून पुन्हा चाचणी झाली, भारतासह पाच देशांत, पण या वेळी सोय असलेल्या दवाखान्यांत आणि सोनोग्राफीने दिवस नक्की करून. २०२० साली निकाल आला. तिथे बाळं वाचली. औषध तेच. कुठे, कोणाला आणि कशा तयारीने दिलं यावर सगळं ठरलं. चांगला सल्ला हा ‘कोणासाठी’ हे सांगितल्याशिवाय पुरा होत नाही.

आता चिठ्ठीवाल्या ताई, तुमचं उत्तर.

पाणी कमी प्या हे चूक. पाणी तोडलं की लघवी दाट होते, जळजळ होते, संडासला खडा होतो आणि जोर करावा लागतो. त्याने ती झोळी आणखी ताणते.

पिशवी काढा, हेही या त्रासावरचं औषध नव्हे. गर्भपिशवी वेगळी आणि लघवीची पिशवी वेगळी. स्वीडनमध्ये गर्भपिशवी काढलेल्या १ लाख ६५ हजार बायकांची नोंद, न काढलेल्या बायकांशी ताडून २००७ साली छापली. काढलेल्या बायकांना पुढे लघवी सुटण्यावरची शस्त्रक्रिया करावी लागण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त होतं. ही चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नाही, नोंदींची तुलना आहे. त्यामुळे ‘काढल्यामुळेच झालं’ असं ठाम म्हणायला आपण थांबू. पण फायद्याचा तर तिथे मागमूस नाही.

व्यायाम करा, हे पुतणीचं खरं. वारा आणि लघवी दोन्ही एकाच वेळी रोखून धरायची आहेत असं समजून आत, वरच्या बाजूला आवळा. थोडं धरा, मग पूर्ण सैल सोडा. आठ ते बारा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखू नका, पोट आणि मांड्या ताणू नका, खाली जोर तर अजिबात देऊ नका. लघवीला बसल्यावर धार अडवून हा व्यायाम करत जाऊ नका. आठ दिवसांत काही होत नाही. निदान तीन महिने धरून राहा.

आणि इथे आमच्या रेडिओचीही मर्यादा सांगतो. अमेरिकेत १९९१ साली एक अभ्यास छापला गेला. बायकांना हा व्यायाम तोंडी, थोडक्यात सांगितला आणि मग तपासलं. जेमतेम निम्म्या जणींना तो नीट जमला. चारातली एक तर उलट खाली जोर देत होती, म्हणजे त्रास वाढायचाच. आम्हीही तोंडीच सांगतोय. तेव्हा आमच्यावर थांबू नका. आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या नर्सताईंना विचारा, ग्रामीण रुग्णालयात तपासून शिकून घ्या. लघवी करताना आग होत असेल, ताप किंवा रक्त असेल, अंग बाहेर येत असेल, किंवा बाळंतपणापासून रात्रंदिवस लघवी झिरपतच असेल, तर व्यायामावर न थांबता डॉक्टरांकडे जा. त्यांची कारणं वेगळी असतात.

बाकीच्या मैत्रिणींनो, ही गोष्ट तुमच्यासाठीही आहे. पुढच्या वेळी मोबाईलवर, बाजारात, पाहुण्यांकडून काही सल्ला आला की गटाच्या बैठकीत त्याला पाच प्रश्न विचारा. कोणाशी तुलना केली? गट चिठ्ठीने पाडले की ज्याने त्याने निवडले? एकदाच दिसलं की पुन्हा पुन्हा? तपासलं कोणी, आणि विकणाऱ्याचाच त्यात पैसा आहे का? आपल्यासारख्या बाईवर ते पाहिलंय का? सगळ्यांची उत्तरं मिळणार नाहीत. पण नुसतं विचारलं तरी निम्मे सल्ले दारातूनच परत जातील.

शेवटी आमचंच सांगतो. त्या चिठ्ठीनंतर आम्ही कार्यक्रमाच्या आधी दहा मिनिटं सतरंजीवर बसून हा व्यायाम करतो. नर्सताईंनी येऊन एकेकीला शिकवला. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं बायका नुसत्याच गप्प बसल्यात. आमच्यातल्या त्या दोघींना किती फरक पडला ते आज सांगणार नाही. अजून तीन महिने झालेले नाहीत, आणि दोन बायका म्हणजे पुरावा नव्हे.

प्रश्नपेटी दाराशीच आहे. नाव नका लिहू, पण चिठ्ठी टाका.